कांदा, चहा आणि बाळची गोळी

आमच्या घरात सगळ्यांत धाकट्या भावाला बाळ म्हणतात. बाळ आता सत्तरीला टेकला आहे, त्याला दोन नातवंडं आहेत, पुढचे दोन दात नाहीत, तरी तो बाळच! मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आईच्या मागे मीच त्याला वाढवला म्हणा ना. त्यामुळे आजही मी काही सांगितलं की "ताईने सांगितलंय" म्हणून तो ते ऐकतो. हे वाचायला गोड वाटतं. पण या ऐकण्यापायी एकदा आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचीच ही गोष्ट.

२०२२ ची भाऊबीज. बाळ आणि भावजय दरवर्षीप्रमाणे कोकणातून आले होते. येताना कोकमं, कुळथाचं पीठ, परसातली दोन पपनसं असा सगळा सरंजाम. जेवायला बसलो. ताटात कांद्याची कोशिंबीर होती, आणि बाळ लहानपणापासून करतो तसा कांदा बाजूला सारत होता. त्याच सुमारास मी कुठेतरी वाचलं होतं की कांदा, चहा, सफरचंद यांत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात आणि ती हृदयाला चांगली. नवीन काही वाचलं की चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, मास्तरकीची खोडच ती. मी म्हटलं, "अरे बाळ, खा तो कांदा. हृदयाचं औषध असतं त्यात!"

एवढंच वाक्य. त्याने मुकाट्याने कोशिंबीर संपवली आणि मला फार बरं वाटलं.

पुढे काय झालं ते मला सहा महिन्यांनी कळलं. बाळला रक्तदाबाची एक आणि कोलेस्टेरॉलची एक अशा दोन गोळ्या बरीच वर्षं चालू होत्या. कोलेस्टेरॉलच्या गोळीने आपल्या पोटऱ्या दुखतात अशी त्याची समजूत होती. माझं वाक्य डोक्यात घेऊन तो गावी गेला, आणि तिथल्या एका दुकानदाराने त्याला कांद्यातल्याच त्या द्रव्याच्या कॅप्सुल आणि द्राक्षाच्या बियांच्या अर्काच्या कॅप्सुल विकल्या. जोडीला अर्जुनाच्या सालीचं चूर्ण आणि रोज पेलाभर कोकमाचं आगळ. "सगळं नैसर्गिक" म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद, आणि रक्तदाबाची एक दिवसाआड. डॉक्टरांना सांगितलं नाही. मला तर नाहीच.

मे २०२३ मध्ये एका सकाळी घरामागची घाटी चढताना त्याच्या छातीवर कोणीतरी जातं ठेवावं तसं झालं. घाम फुटला, जबडा दुखायला लागला. पुतण्याने गाडीत घालून शहरात नेला म्हणून वाचला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. मी दुसऱ्या दिवशी पोचले. डॉक्टर राऊंडला आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, आधीच्या गोळ्या चालू होत्या ना?" बाळने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी बरणी फोडल्यावर पाहायचा तसं. म्हणाला, "ताईने सांगितलं होतं, कांद्यात औषध आहे म्हणून..."

मंडळी, चौतीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवलं. निबंधात एखादा शब्द सैल वापरला की खाली लाल रेघ मारायची. आणि माझ्या स्वतःच्या वाक्यात नेमका एक शब्द चुकला होता: औषध.

डॉक्टर भले होते. मला बाहेर बोलावून म्हणाले, "गोळी थांबवल्यामुळेच हे झालं असं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण ती चालू असायला हवी होती." यातलं पहिलं वाक्य माझ्या समाधानासाठी होतं. मी दुसरं लक्षात ठेवलं.

शाळेत एखादी गोष्ट चुकीची शिकवली गेली तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर ती दुरुस्त करायची, असा माझा नियम होता. म्हणून मी हा विषय नीट वाचायला घेतला. मी मराठी माध्यमातली बी.ए., रसायनशास्त्राशी माझा संबंध हळदी-कुंकवाइतकाच. पण नात औषधनिर्माणशास्त्र शिकली आहे. तिने कठीण भाग फोड करून सांगितला, मी वहीत उतरवला. त्या वहीतलंच आज इथे मांडते आहे.

आधी हे फ्लॅव्होनॉइड म्हणजे काय? लॅटिनमध्ये 'फ्लाव्हुस' म्हणजे पिवळा. वनस्पती ही द्रव्यं स्वतःसाठी तयार करतात: उन्हापासून, किडीपासून बचाव करायला, आणि फुलाफळांना रंग देऊन भुंग्या-पाखरांना बोलवायला. आजवर सहा हजारांहून जास्त प्रकार सापडले आहेत. होळीला पळसाची फुलं भिजवून आपण जो केशरी रंग करत असू, तो याच घराण्यातला. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते तीही यांच्यामुळेच. वांग्याच्या सालीतल्या जांभळ्या द्रव्याचं नाव नासुनिन, कारण जपानी भाषेत वांग्याला 'नासू' म्हणतात. भाषेच्या माणसाला असलं काही सापडलं की किती आनंद होतो म्हणून सांगू!

एकदा विज्ञानाचे सर प्रशिक्षणाला गेले म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला होता. कागदावर जास्वंदीची फुलं चोळून ते कागद वाळवायचे, मग एकावर लिंबू पिळायचं, दुसरा साबणाच्या पाण्यात बुडवायचा. पहिला गुलाबी-लाल, दुसरा हिरवट. मुलं हरखून गेली आणि मीही. त्या जास्वंदीचा रंग म्हणजेसुद्धा फ्लॅव्होनॉइडच. मात्र प्रत्येक रंग यांचा नसतो. बीट, गाजर, टोमॅटो यांचे रंग वेगळ्या घराण्यांतले. हळदीतलं कर्क्युमिनही यांचा लांबचा नातलग आहे, घरचा नाही.

आता हृदयाचा संबंध कुठून आला ते पाहू. याची सुरुवात हंगेरीत झाली. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाला क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी १९३७ चं नोबेल मिळालं. त्याच्या पाहण्यात असं आलं की नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त पाझरणाऱ्या रुग्णांना शुद्ध क जीवनसत्त्वाने गुण येत नव्हता, पण लिंबाचा रस किंवा पाप्रिका, म्हणजे तिथली लाल मिरची, यांच्यापासून काढलेल्या अशुद्ध अर्काने येत होता. तेव्हा अर्कात आणखी काहीतरी असलं पाहिजे! १९३६ मध्ये त्याने आणि रुस्न्याक यांनी त्या 'काहीतरी'ला 'पी जीवनसत्त्व' असं नाव दिलं. ती फ्लॅव्होनॉइडं होती. पुढे ती न मिळाल्यामुळे ठरावीक रोग होतो असं काही सिद्ध झालं नाही, म्हणून ते नाव मागे पडलं. म्हणजे ही जीवनसत्त्वं नव्हेत. माझ्या वहीतली ही पहिली दुरुस्ती.

मग बरीच वर्षं शांतता. १९९३ मध्ये हॉलंडच्या झुटफेन गावातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ ते ८४ वयाचे ८०५ पुरुष. ते काय खातात-पितात हे १९८५ मध्ये विचारून ठेवलं आणि पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांच्या आहारात काही विशिष्ट फ्लॅव्होनॉइडं जास्त होती, त्यांच्यात हृदयविकाराने झालेले मृत्यू, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. आणि ही द्रव्यं येत कशातून होती? सुमारे ६० टक्के चहातून, १३ टक्के कांद्यातून, १० टक्के सफरचंदातून. मी भाऊबीजेला जे वाचून आले होते ते हेच. आकडे खोटे नव्हते. पण मी धड्याचं पहिलंच पान वाचून वर्गात गेले होते.

दुसरं पान असं. हाच अभ्यास त्याच संशोधकांनी वेल्समधल्या केअरफिली गावातल्या सुमारे १९०० पुरुषांवर केला, तो १९९७ मध्ये आला. हे लोकही भरपूर चहा पिणारे. पण इथे हृदयाला काहीच फायदा दिसला नाही. उलट खूप चहा पिणाऱ्यांत एकूण मृत्यू जास्तच दिसले! संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या. एक म्हणजे वेल्समधले लोक चहात दूध घालतात (हे वाचून माझ्या हातातला कप थबकला). दुसरी अशी की तिथे जास्त चहा पिणारे बहुतेक कष्टकरी, सिगारेट ओढणारे होते. म्हणजे मारलं कशाने, चहाने की बाकीच्या जगण्याने? तसंच मग हॉलंडात तारलं कशाने? सफरचंद खाणारा माणूस बहुधा फिरायलाही जातो, सिगारेटही कमी ओढतो. नुसत्या निरीक्षणातून कार्यकारणभाव काढणं अवघड असतं.

दुधाचं काय ते सांगते, कारण तुम्हालाही तीच काळजी लागली असणार. २००७ मध्ये बर्लिनमध्ये सोळा स्त्रियांवर प्रयोग झाला. काळ्या चहाने त्यांच्या हाताची रक्तवाहिनी जास्त चांगली रुंदावली, आणि दूध घातल्यावर तो परिणाम गेला. पण दुसऱ्या काही प्रयोगांत दुधाने ही द्रव्यं रक्तात उतरायला अडथळा होत नाही असंही दिसलं. सोळा बायकांच्या जोरावर मी माझा आल्याचा चहा सोडणार नाही. साखर मात्र निम्मी केली, त्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती.

ही द्रव्यं शरीरात करतात तरी काय? पूर्वी सांगत की ती 'अँटिऑक्सिडंट' आहेत, शरीराला चढणारा गंज थांबवतात. परीक्षानळीत हे खरं आहे. पण आपण खाल्ल्यावर त्यांतला अगदी थोडा अंश रक्तात पोचतो, आणि शरीर त्याला परका पाहुणा समजून काही तासांत रूप बदलून वाटेला लावतं. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जीवाणू ते तोडून त्याची छोटी द्रव्यं करतात. कुठल्या फळात किती 'गंजविरोधी' ताकद आहे याचा एक तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केला होता. तो त्यांनी २०१२ मध्ये स्वतःच काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता आणि जाहिरातवाले त्याचा गैरवापर करत होते. बाळच्या कॅप्सुलच्या डबीवर तसलाच एक भलामोठा आकडा छापलेला होता!

आज जास्त भर दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्यामुळे वाहिनी सैल होते आणि रक्त सुखाने वाहतं. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. वय, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांनी हे अस्तर थकतं. चहा, कोको, सफरचंद यांतली काही फ्लॅव्होनॉइडं त्याला पुन्हा थोडं कामाला लावतात, असं माणसांवरच्या छोट्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. 'थोडं' हा शब्द मी आता विसरत नाही.

मग कोणी नीट कसोटी घेतली का? घेतली. अमेरिकेत २१,४४२ वयस्कर माणसांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून निम्म्यांना कोकोच्या अर्काची कॅप्सुल दिली, रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ कॅप्सुल. साडेतीन वर्षांहून थोडा जास्त काळ पाहिलं. निकाल २०२२ मध्ये आले. हृदयविकार, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून फरक पडला तो दहा टक्क्यांचा, आणि तोही योगायोगाने पडू शकेल इतपतच. केवळ हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेले मृत्यू २७ टक्के कमी दिसले, पण तो कसोटीचा मुख्य प्रश्न नव्हता. नात म्हणाली, "आजी, म्हणजे नापास नाही, पण पासही नाही. एटीकेटी!" चॉकलेट खायला ही सबब मात्र चालणार नाही. बाजारातल्या बऱ्याचशा कोकोवर कडूपणा घालवायला जी प्रक्रिया करतात तिच्यात ही द्रव्यं बरीचशी जातात. उरते साखर.

आता वहीतलं सगळ्यांत महत्त्वाचं पान. कांद्यात जे द्रव्य असतं त्याला क्वेर्सेटिन म्हणतात. १९९५ मध्ये डच संशोधकांनी मोजलं, तेव्हा तळलेल्या कांद्यातून आलेल्या क्वेर्सेटिनच्या प्रकारापैकी निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, शरीराने शोषून घेतलं. आणि शुद्ध क्वेर्सेटिन दिलं तेव्हा फक्त २४ टक्के. कांद्यात ते साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं, ती साखर त्याला आत घेऊन जाते. म्हणजे बाळने महागडी शुद्ध कॅप्सुल घेतली, आणि ताटातला कांदा त्याहून बरा होता. सेंट-ग्यॉर्गीच्या अशुद्ध अर्काची आठवण होते की नाही?

उलट बाजूही आहे. हिरव्या चहातलं मुख्य द्रव्य कपातून प्यायलं तर सहसा काही त्रास नाही. पण त्याचाच अर्क काढून गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतला, तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा दिसू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. वनस्पती तीच, द्रव्य तेच, पण ताटातलं डबीत गेलं की गणित बदलतं.

आणि ती पपनसं! डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की या गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट आणि पपनस नको. भावजय चकित झाली. "अहो, घरचं झाड आहे, फवारासुद्धा मारत नाही." याचीही गंमत आहे. १९८९ मध्ये कॅनडात डेव्हिड बेली यांचा गट रक्तदाबाच्या एका औषधाचा आणि मद्याचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते पाहत होता. मद्याची चव लपवायला त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात दिलं, आणि औषधाचं रक्तातलं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. रसातलं काहीतरी आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या यंत्रणेलाच बंद पाडत होतं. पहिला संशय आला तो कडू चवीच्या फ्लॅव्होनॉइडवर, नारिंजिनवर. पुढे खरे गुन्हेगार फ्युरॅनोकुमारिन नावाचे दुसरेच निघाले. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच लेकरू असल्याने ते पपनसातही असतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्याही याच यंत्रणेतून मोडतात. परसातलं असो की परदेशातलं, आतड्याला काही फरक पडत नाही.

अर्जुनाच्या सालीबद्दल मला सर्वांत जास्त उत्सुकता होती, कारण अर्जुनक्षीरपाक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हृदयासाठी दिला जातो. सालीत फ्लॅव्होनॉइडं आहेत, इतरही द्रव्यं आहेत. छोट्या अभ्यासांत आशादायक निकाल आले होते. पण २०१६ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मधल्या संशोधकांनी हृदय कमकुवत झालेल्या शंभर रुग्णांवर केलेल्या काटेकोर कसोटीत हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता तिने वाढली नाही. काहींना हिंडाफिरायला जरा बरं वाटलं. आणि मुख्य म्हणजे ही साल नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने दिली होती, गोळ्या बंद करून नव्हे. मी आयुर्वेदाची टवाळी करणारी नाही, आमच्या आजोबांची औषधं घेऊनच आम्ही वाढलो. पण आजोबासुद्धा आधी नाडी बघत आणि मग पुडी देत. दुकानदाराने कुठे बघितली नाडी?

शेवटचा मुद्दा त्या 'नैसर्गिक' शब्दाचा. बाळने जी गोळी फेकली ती स्टॅटिन जातीची. या जातीचं पहिलं औषध कुठे सापडलं? बुरशीत! जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव चाळून १९७३ मध्ये एका निळसर-हिरव्या बुरशीतून ते वेगळं केलं. म्हणजे 'रासायनिक' गोळीचं आजोळसुद्धा निसर्गातच. फरक असा की त्या जातीच्या गोळ्या हजारो माणसांवर तोलून पाहिल्या आहेत, किती मिलिग्रॅम दिले की काय होतं हे माहीत आहे. पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टर मात्रा बदलतात, दुसरी गोळी देतात. बाळचंही पुढे तसंच केलं, आता त्याच्या पोटऱ्या दुखत नाहीत. हे त्याने आधी विचारलं असतं तर!

मग मी हे सगळं वाचून कांद्यावर रागावले का? अजिबात नाही. २०१९ मध्ये डेन्मार्कचा एक अभ्यास आला, ५६ हजार माणसं, २३ वर्षं. आहारातून रोज ५०० मिलिग्रॅमपर्यंत फ्लॅव्होनॉइड घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होत गेलेलं दिसलं, त्यापुढे जास्त खाऊन जास्त फायदा नाही. एक कप चहा, एक सफरचंद, एक संत्रं आणि थोडी जांभळी फळं, भाजी असं मिळून तेवढं भरतं. हेसुद्धा निरीक्षणच, कसोटी नव्हे. पण वर्षानुवर्षं असं जेवण्यात तोटा काही नाही, आणि ते आपल्या आईच्या स्वयंपाकासारखंच आहे.

आमच्या घरात काय बदललं ते सांगते. कांदा सोलताना वरचं कागदी टरफल तेवढंच काढते, पूर्वी दोन जाड पापुद्रे टाकून देत असे. क्वेर्सेटिन बाहेरच्या थरांतच जास्त असतं. कांदा उकडला तर ते पाणी आमटीत जातं. सफरचंदाची साल काढत नाही. भरल्या वांग्याची साल तर असतेच. शेवग्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी पुन्हा सुरू केली. जूनमध्ये जांभळं. आणि कोकम, पण जपून! आगळात मीठ किती असतं ते आठवा. रक्तदाबाचा माणूस सहा महिने रोज पेलाभर आगळ पीत होता, हृदयाच्या भल्यासाठी! आणि अमृतकोकमात साखर. म्हणून सुकी आमसुलं धुऊन, भिजवून, बेताने.

गेल्या भाऊबीजेला बाळ आला होता. ओवाळून झालं. माझ्या नातीने त्याला सात खणांची गोळ्यांची डबी दिली, त्यावर मराठीत वार लिहून. मी त्याला म्हटलं, "बाळ, त्या दिवशी मी चुकीचं बोलले. कांद्यात औषध नाही. कांदा हे अन्न आहे." त्यावर तो हसला. म्हणाला, "ताई, तू चुकलीस असं तू म्हणालेलं सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय." मग त्याने कोशिंबीर परत मागून घेतली.

रात्री दिवे मालवताना मी त्याच्या खोलीत डोकावले. डबीतला बुधवारचा खण रिकामा होता. मी गुपचूप दार लोटून घेतलं.